बुडालेल्या बँका आणि महारपुऱ्यातील चांदी

१९७६ साली मला बँकेत कारकून होऊन दोन वर्षे झाली होती आणि मी सी.ए.आय.आय.बी.च्या परीक्षेचा अभ्यास करीत होतो. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर काही वर्षांत आमच्यासाठी राखीव जागांचे दार उघडले. त्या दारातून आत शिरलेल्या पहिल्या पिढीतला मी एक. परीक्षेत एक ठरलेला प्रश्न असे : १९१३ ते १९१८ या काळात भारतातील बँका का बुडाल्या? उत्तरही ठरलेले होते. अपुरे भांडवल, अननुभवी चालक, सट्टा, हाताशी रोकड कमी, आणि देशात मध्यवर्ती बँक नव्हती. हे मुद्दे मी सुट्टीत दिघोरीला गेलो असताना अंगणात बाजेवर बसून मोठ्याने पाठ करीत होतो. शेजारी आजी तांदूळ पाखडत होती.

"बँक बुडली म्हंजे का झाला रे बाबू?" तिने विचारले.

लोकांनी ठेवलेले पैसे त्यांना परत मिळाले नाहीत, असे मी सांगितले.

"आपला कोनाचा होता का त्यात?"

मी हसलो. आपल्याजवळ कुठले पैसे, आणि बँकेत ठेवायला कोण गेले होते, असे काहीतरी म्हणालो. तिने सूप थांबवले आणि म्हणाली, "मंग आपला बुडला तो कोन्या बँकेत?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या पुस्तकात नव्हते. ते शोधताना जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

प्रथम पुस्तकातील गोष्ट. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वदेशीचे वारे होते. इंग्रजांच्या बँका हिंदी व्यापाऱ्याला उभे करीत नसत. तेव्हा आपल्या बँका हव्यात ही भावना रास्तच होती. १९०६ नंतरच्या काही वर्षांत बँक ऑफ इंडिया, कॅनरा, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा, सेंट्रल बँक या बँका निघाल्या आणि पुढे टिकल्या. यांपैकी मद्रासची इंडियन बँक तर एका बुडीच्याच पोटी जन्मली. १९०६ साली मद्रासची अर्बथनॉट कंपनी ही बडी इंग्रज पेढी कोसळली आणि हजारो ठेवीदार रस्त्यावर आले, त्यानंतर १९०७ मध्ये ती निघाली. पण या मोठ्या नावांच्या मागोमाग गावोगाव, तालुक्यातालुक्यात लहान बँकांचे पीक आले. पाटी मोठी, आत टेबल आणि तिजोरी. पाटीवर आकडा असे तो अधिकृत भांडवलाचा, म्हणजे जेवढे भांडवल उभारण्याची कागदोपत्री परवानगी घेतली तेवढा. भागधारकांनी घेऊ म्हटलेले भांडवल त्याच्या कितीतरी कमी आणि प्रत्यक्षात भरलेले त्याहूनही कमी. सामान्य माणूस पाटीवरचा आकडा वाचून आत जाई. ठेवीवर व्याज चढे मिळे, म्हणून निवृत्त मास्तर, वकिलाची विधवा, लहान दुकानदार आपली पुंजी तेथे नेऊन ठेवीत.

आता बँक कशी बुडते हे ज्यांनी कधी काउंटरच्या आतून पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ठेव घेताना बँक म्हणते, मागाल तेव्हा देऊ. तोच पैसा ती गिरणीला, जिनिंगच्या कारखान्याला, घरबांधणीला देते. तो पाच-दहा वर्षे मागे फिरत नाही. रोजच्या मागणीपुरती रोकड हाताशी ठेवली की सारे सुरळीत चालते. ज्या दिवशी दारात शंभर माणसे एकदम उभी राहतात, त्या दिवशी चांगली बँकही अडचणीत येते, आणि वाईट बँक दुपारपर्यंतही टिकत नाही. त्यातून चालकांनी स्वतःच्याच कंपन्यांना कर्जे दिली असली, नफा नसताना भांडवलातून लाभांश वाटला असला, तर तिचे काय होणार हे सांगायला नको. केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली हिंदी चलनावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. या लहान बँकांजवळची रोकड फार तुटपुंजी आहे आणि वाईट दिवस आले की त्या टिकणार नाहीत, असे त्याने त्यात बजावले होते. पुस्तक येऊन काही महिने झाले असतील नसतील, तोच ते दिवस आले.

सप्टेंबर १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक बंद पडली. लाला हरकिशनलाल यांनी १९०१ साली काढलेल्या या बँकेच्या शाखा पंजाबातील लहानमोठ्या गावांतून पसरल्या होत्या. पाठोपाठ मुंबईची क्रेडिट बँक आणि नोव्हेंबरअखेर इंडियन स्पीशी बँक. त्या एका वर्षात १२ बँका बुडाल्या, १९१४ साली ४२, आणि १९१८ पर्यंत एकूण ९४. अडलेल्या बँकेने जावे कोणाकडे? मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या तीन इलाखा बँका होत्या, त्यांना हात देण्याचे बंधन नव्हते आणि फारशी इच्छाही नव्हती. रिझर्व्ह बँक यायला १९३५ साल उजाडावे लागले.

एवढे लिहून मी परीक्षेत उत्तीर्ण झालो. पण या ९४ बँकांपैकी एक बँक माझ्या मनातून जाईना. ती म्हणजे मुंबईची इंडियन स्पीशी बँक. कारण ती बुडाली चांदीत, आणि आजीने ज्या बुडीची गोष्ट सांगितली तीही चांदीचीच होती.

आजीची गोष्ट अशी. आमची दिघोरी म्हणजे मोठी दिघोरी, आज लाखांदूर तालुक्यातली, त्या काळी साकोली तहसिलीतली. धानाचा मुलूख, तळे भरले तर पोट भरले. मालगुजाराचे गाव. आमच्या घराला जमीन नव्हती. कोतवालकीची पाळी आली की धान्याचा वाटा मिळे आणि एरवी हातमागावर जाडेभरडे कापड विणून बाजारात नेत. आजीच्या सासूचे, म्हणजे माझ्या पणजीचे, लग्न झाले त्यानंतर घरात दोन-चार बरी वर्षे गेली. पणजोबाने वीस रुपये साठवले आणि ते सोनाराला दिले. सोनाराने ते वीसही रुपये मुशीत घालून आटवले आणि पणजीच्या पायांसाठी तोडे घडवले.

आजच्या वाचकाला हा वेडेपणा वाटेल. नाणी वितळवून दागिना का करायचा? पण त्या काळात यात शहाणपण होते. रुपया हा चांदीचा होता, वजनाने १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. सोनाराच्या चांदीत भेसळ असेल; राणीच्या रुपयात नसणार हे खेड्यातील बाईलाही ठाऊक होते. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १८३५ पासून चाललेल्या पद्धतीप्रमाणे कोणीही मनुष्य सरकारी टांकसाळीत चांदी नेऊन, थोडा घडणावळीचा आकार देऊन, तिचे रुपये पाडून घेऊ शकत होता. दिघोरीची बाई काही मुंबईच्या टांकसाळीत जाणार नव्हती. पण सराफ जात होता, आणि म्हणून तोळाभर चांदीची किंमत रुपयाच्या आसपासच राही. दागिना मोडला तर घडणावळ आणि सोनाराची कमाई तेवढी जायची. पायातले तोडे ही त्या घराची ठेव होती आणि अडीअडचणीला मागाल तेव्हा परत मिळणारी होती. मी बँकेत आयुष्य घालवले आहे. बँकेची व्याख्या यापेक्षा वेगळी करता येत नाही. व्याज मिळत नव्हते एवढेच. पण ही ठेव ठेवायला कोणाच्या ओट्याखाली उभे राहावे लागत नव्हते आणि विटाळाच्या भीतीने कोणी पासबुक वरून टाकीत नव्हते.

२६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. कारण साधे होते. जगात चांदी स्वस्त होत चालली होती, तिच्याबरोबर रुपयाही घसरत होता. १८७० च्या सुमारास जवळजवळ दोन शिलिंगांना असलेला रुपया सव्वा शिलिंगाच्या घरात आला होता. लंडनला दरवर्षी पाठवायची होम चार्जेसची रक्कम पौंडात होती आणि करवसुली रुपयात. गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार रुपयात होते आणि त्यांची मुले विलायतेत शिकत होती. तेव्हा रुपयाला चांदीपासून तोडून वर उचलायचे ठरले. पुढे तो १ शिलिंग ४ पेन्सला पक्का केला गेला. नाणे तेच, त्यावरचा मुखवटा तोच, वजन तेच. फक्त आता तोळाभर चांदी म्हणजे रुपया नव्हता. रुपया महाग झाला होता आणि चांदी पडतच होती.

आणि लगेच दुष्काळ आला. १८९६-९७ चा आणि त्यावर १८९९-१९०० चा. भंडारा जिल्ह्याचे धान पहिल्या दुष्काळातच गेले होते. गोंदियाचा भाग तेव्हा भंडाऱ्यातच होता. या सबंध जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ साली सुमारे ७ लाख ४३ हजार होती, ती १९०१ साली सुमारे ६ लाख ६३ हजार भरली. वाढायची ती दहा वर्षांत दहा टक्क्यांहून अधिक घटली. यात मेलेले किती आणि परागंदा झालेले किती हा हिशेब वेगळा. पण कोणत्या वस्तीतले अधिक असतील हे सांगायला जनगणनेची गरज नाही.

त्या दुष्काळात पणजीने तोडे सोनारापुढे ठेवले. वीस रुपये आटवून केलेले, वीस तोळ्यांचे. सोनाराने तोळ्याला दहा आणे भाव सांगितला. म्हणजे साडेबारा रुपये. ती म्हणाली, अरे, वीस रुपये मी दिले होते, तुझ्याच बापाने आटवले. तो म्हणाला, तेव्हा रुपये होते, आता चांदी आहे. आजीला हे वाक्य तिच्या सासूने अनेकदा सांगितलेले होते. सोनाराने फसवले असे घरात तीन पिढ्या बोलले गेले. मी पुढे लंडनच्या बाजारातील त्या वर्षांचे चांदीचे भाव आणि हुंडणावळ घेऊन कागदावर हिशेब केला. रुपयाइतक्या चांदीची किंमत तेव्हा दहा-अकरा आणेच भरते. बिचाऱ्या सोनाराने जवळपास खरा भाव सांगितला होता. साडेसात रुपये गेले होते ते त्याच्या घरी गेले नव्हते. ते चार वर्षांपूर्वी सिमल्याला एका कायद्याने गेले होते, आणि दिघोरीच्या महारपुऱ्यात त्याची दवंडी कोणी दिली नव्हती. दवंडी द्यायचे काम खरे तर आमच्याच घरी होते.

आता इंडियन स्पीशी बँकेकडे वळतो. १८९३ नंतर रुपये पाडण्याचा अधिकार एकट्या सरकारकडे राहिला. व्यापार वाढला की सरकारला रुपये हवेत, रुपयांसाठी चांदी हवी, ती बाजारातून घ्यावी लागणार. बँकेचे व्यवस्थापक चुनीलाल सरैया यांनी यावर डाव मांडला. चांदीचा मोठा साठा धरून ठेवायचा आणि सरकार दारात आले की आपल्या भावाने विकायचा. सरकारने १९१२ साली सॅम्युअल माँटेग्यू या लंडनच्या पेढीमार्फत गुपचूप चांदी खरेदी केली आणि सटोडियांना बाजूला ठेवले. त्यावरून विलायतेच्या पार्लमेंटात बराच गदारोळ झाला आणि १९१३ साली चेंबरलेन यांच्या अध्यक्षतेखाली चलनाची चौकशी करणारे आयोगही नेमले गेले. इकडे बँकेच्या गळ्यात चांदी राहिली आणि ठेवीदार दारात आले.

दोन्ही बुडी शेजारी ठेवून पाहा. सरैयांचा भरवसा सरकारी टांकसाळीवर होता, पणजीचाही टांकसाळीवरच होता. सरैया सट्टा खेळत होते, पणजीला आपण टांकसाळीवर भरवसा ठेवला आहे हेसुद्धा माहीत नव्हते. बँक बुडाली तेव्हा कोर्टाने अवसायक नेमला, वर्तमानपत्रांनी रकाने भरले आणि पुढे ती परीक्षेच्या पुस्तकात आली. १८९३ साली लाखो घरांच्या पायातली, दंडातली, गळ्यातली बँक एकाच दिवशी बुडाली, तिची नोंद '९४ बँका' या आकड्यात नाही.

येथे एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावा लागतो, कारण तो बाबासाहेबांकडून येतो. १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात बाबासाहेबांनी टांकसाळी पुन्हा चांदीला खुल्या करा अशी मागणी केलेली नाही. उलट त्या जनतेला बंद आहेत तशा सरकारलाही बंद करा, रुपये पाडण्याचा सरकारचा हात बांधा आणि सुवर्णचलन आणा, असे त्यांचे म्हणणे होते. केन्सची त्यांनी जी चिकित्सा केली ती याच मुद्द्यावर. त्यांचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. रुपया घसरतो तेव्हा भाव वाढतात. मजुरी त्या मानाने वाढत नाही. निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला जो फायदा होतो तो मजुराच्या ताटातून जातो. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी मजुरीवर जगणाऱ्याची बाजू सोडली नाही. म्हणजे स्वस्त रुपया राहिला असता तर पणजीचे तोडे टिकले असते, पण पणजोबाची मजुरी झिजली असती. आमचा माणूस एका हाताने चांदी धरून होता आणि दुसऱ्या हाताने मजुरी घेत होता. सरकारने नाणे कुठल्याही बाजूला ढकलले तरी त्याचा एक हात भाजणारच होता. बाबासाहेबांनी दोन्हींपैकी मजुरीचा हात महत्त्वाचा मानला. माझ्या मते ते बरोबर होते. दागिना एकदा मोडला की संपला, मजुरी रोज घ्यावी लागते.

रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथातून जन्मली असे आपल्या सभांतून सांगतात. मला तसे सांगण्याची गरज वाटत नाही. त्यांनी नाण्याकडे गिरणीमालकाच्या नव्हे तर मजुराच्या बाजूने पाहिले, एवढे पुरेसे मोठे आहे. आणि एवढे चलनशास्त्र जाणणारा मनुष्य १९५४ साली आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेला उभा राहिला तेव्हा आमच्या जिल्ह्याने त्याला पाडले, हेही नोंदवून ठेवतो.

चांदीबद्दल बाबासाहेबांचे आणखी एक बोलणे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांपुढे भाषण केले, त्यात गळ्यातल्या गळसऱ्या आणि हातभर कथलाचे व चांदीचे दागिने टाकून द्या, ती तुमच्या अस्पृश्यतेची ओळख आहे, असे सांगितले. आजी सांगायची की हे आमच्याकडे पोचायला काही वर्षे लागली, पण पोचले तेव्हा बायकांनी गोट आणि सरी उतरवल्या. कोणी विकल्या, कोणी मुलाच्या शाळेला लावल्या. आजीने आपला करगोटा तेवढा ठेवला. का ठेवला म्हणून विचारले तर सांगत नसे.

राहिला प्रश्न १९१३ च्या बुडीचा आणि दिघोरीचा. दिघोरीला बँक नव्हती, तेव्हा थेट कोणाचेच काही गेले नाही. पण सावकार हा एकटा नसतो. गावच्या सावकाराच्या मागे तालुक्याचा, त्याच्या मागे कामठी-नागपूरची पेढी, आणि त्या पेढीच्या मागे मुंबई. वर पैसा आखडला की प्रत्येक पायरीवर तगादा लागतो आणि व्याज चढते. खालच्या पायरीवरच्या माणसाला ज्याच्यावर तगादा लावता येईल असा कोणी उरत नाही. आमच्याकडे तर कर्ज पैशाचे नसून धानाचे. पेरणीच्या वेळी एक खंडी न्यायची आणि कापणीला दीड द्यायची. या दिढीला कुठल्या बँकेचा दर लागू नव्हता. दिढी फिटली नाही की साल धरायचे, म्हणजे वर्षभर सावकाराच्या घरी राबायचे. सालदाराचे शरीर हेच त्याचे तारण होते.

सरकारने यावर सहकाराचा उपाय आणला. १९०४ च्या कायद्याने खेड्यातील पतपेढीत सभासदांची जबाबदारी अमर्याद ठेवली. म्हणजे एकाने बुडवले तर इतरांनी आपली जमीन विकून भरायचे. तत्त्व चांगले, पण त्याचा परिणाम पाहा. ज्याच्या कर्जाला मी जामीन, त्याच्याकडे जमीन आहे की नाही हे मी पाहणारच. भूमिहीनाला अशा पेढीत कोण घेईल? त्याला बाहेर ठेवायला जातीचे नावसुद्धा घ्यावे लागले नाही. पुढे १९३० नंतरच्या मंदीत वऱ्हाडातील सहकारी मध्यवर्ती बँकांचीही कर्जे थकली आणि वसुलीपोटी त्यांच्या पदरी जमिनी आल्या. ती बूडही आमची नव्हती.

नंतर १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्याच वर्षी केरळात पलाई सेंट्रल बँक बुडाली, आणि सरकार जागे झाले. ठेवविम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या दीड हजार रुपयांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळाले. ती मर्यादा २०२० साली ५ लाखांवर गेली. मी नोकरीत असताना हे संरक्षण कितीतरी खातेदारांना समजावून सांगितले आहे.

चांदीला मात्र आमच्या काउंटरवर जागा नव्हती. सोने तारण घेत असू. चांदी घेऊन आलेल्या बाईला परत पाठवावे लागे. अशा किती बाया मी परत पाठवल्या याची गणती नाही. त्या बाहेर पडून समोरच्या गहाणवटीच्या दुकानात जात, ते मला खुर्चीवरून दिसे. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोने-चांदीच्या तारणावरील कर्जासंबंधी जे निर्देश काढले, त्यांत चांदीचे दागिनेही धरले आहेत. एका कर्जदाराचे १० किलोपर्यंत. ते वाचले त्या रात्री मी करगोटा काढून घरच्या काट्यावर ठेवला. एकशे चार ग्रॅम भरला. तोडे असते तर दोनशे तेहतीस भरले असते.